विश्लेषण : नळी बदलली की कॅलिबर बदलते! बोल्ट-ॲक्शन रायफलमागचे पॉल माउझर कोण होते?

युरोपात शिकारीसाठी विकल्या जाणाऱ्या काही आधुनिक बोल्ट-ॲक्शन रायफलींची नळी एका किल्लीने काही मिनिटांत सुटते. तिच्या जागी दुसऱ्या कॅलिबरची नळी बसवली, की सकाळी हरणासाठी असलेली रायफल दुपारी रानडुकरासाठी तयार. दस्ता तोच, चाप तोच आणि बऱ्याचदा बोल्टही तोच. जर्मनीत २००३ मध्ये आलेली माउझर एम०३ ही अशाच प्रकारातली. तिच्यावर ज्यांचे नाव आहे ते पॉल माउझर त्याच्या ८९ वर्षे आधी, २९ मे १९१४ रोजी वारले होते.

भारतात माउझर म्हटले की क्रांतिकारकांचे पिस्तूल आठवते. पण या माणसाचे खरे आयुष्य गेले ते रायफलीत, आणि त्यातही कॅलिबर बदलण्यात. ११ मिलिमीटरपासून सुरुवात करून ते १०.१५, ९.५, ७.६५, ७ आणि ६.५ पर्यंत खाली आले. प्रत्येक आकड्यामागे एक देश होता, एक करार होता आणि बहुतेक वेळा एक अपमान किंवा एक पैज.

नळी बदलताना नेमके काय बदलते?

जुन्या वाड्याच्या दाराला असते तशी आडवी कडी डोळ्यांसमोर आणा. ती पुढे सरकवायची आणि मूठ खाली पाडायची, म्हणजे दार बंद. बोल्ट-ॲक्शन रायफलचा बोल्ट असाच चालतो. मूठ वर करून मागे ओढली की वापरलेले कवच बाहेर पडते. पुढे ढकलली की मॅगझिनमधले नवे काडतूस चेंबरमध्ये जाते. मूठ खाली केली की बोल्टच्या तोंडाशी असलेले पोलादी कान, ज्यांना लग म्हणतात, रिसिव्हरच्या खाचांत अडकतात.

नळी या रिसिव्हरमध्ये आट्यांनी घट्ट बसवलेली असते. म्हणजे रायफलचे तीन मुख्य भाग झाले : मधला रिसिव्हर, त्यात मागून सरकणारा बोल्ट आणि पुढून बसवलेली नळी. कॅलिबर, म्हणजे गोळी किती जाडीची, हे नळी ठरवते. काडतुसाच्या कवचाचा आकारही नळीच्याच मागच्या टोकाला, चेंबरमध्ये कोरलेला असतो. मग नळी बदलली की काम संपले का? तसे नाही.

घरातल्या प्रेशर कुकरमध्ये वातावरणापेक्षा साधारण १ बार जास्त दाब असतो. आधुनिक रायफलच्या चेंबरमध्ये तो साडेतीन हजार बारच्याही पुढे जातो. कुकरचे झाकण नीट बसले नाही तर शिट्टीऐवजी बाजूने वाफ जाते. इथे बोल्ट आणि काडतूस यांच्यात फट राहिली, तर पितळी कवच फाटून तप्त वायू नेमबाजाच्या तोंडावर येऊ शकतो. ही फट किती असावी याला हेडस्पेस म्हणतात आणि तिचा हिशेब मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास चालतो. म्हणून जुन्या पद्धतीच्या रायफलची नळी बदलणे हे पाना घेऊन करायचे काम नाही. बंदूकसाज ते लेथवर, गेज लावून करतो.

दुसरी अट काडतुसाच्या बुडाची. बोल्टच्या तोंडावर काडतुसाचे बूड टेकते आणि एक्स्ट्रॅक्टर नावाची नखी त्याची कड पकडते. नवे काडतूस कितीही लांब, आखूड, जाड किंवा बारीक गोळीचे असो, त्याचे बूड जुन्या मापाचे असेल तर तोच बोल्ट चालतो. बूड बदलले की बोल्टचे तोंडही बदलावे लागते. जगातल्या असंख्य रायफल काडतुसांचे बूड आज सुमारे १२ मिलिमीटरचे आहे. हे माप इतके का पसरले, याचे उत्तर माउझर यांच्या आयुष्यात सापडते. गंमत म्हणजे हे माप रूढ केले ते ज्या समितीने त्यांना बाहेर ठेवले होते, तिने.

तेरा भावंडांतला धाकटा

पॉल यांचा जन्म २७ जून १८३८ चा. गाव ओबर्नडॉर्फ, नेकार नदीच्या काठी, तेव्हाच्या व्युर्टेम्बर्ग राज्यात. गावात एका जुन्या ऑगस्टिनियन मठाच्या इमारतीत १८११ पासून राजाचा बंदूक कारखाना चालत होता. वडील फ्रान्झ आंद्रेआस तिथेच कारागीर. १३ अपत्यांत पॉल सर्वांत धाकटे. चार वर्षांनी मोठा विल्हेल्म हा त्यांचा सगळ्यात जवळचा भाऊ. आणखी एक भाऊ १८५३ मध्ये अमेरिकेला गेला आणि रेमिंग्टनच्या कारखान्यात कामाला लागला.

पॉल बाराव्या वर्षीच कारखान्यात शिरले. पदवी नाही, इंजिनीअरिंगचे औपचारिक शिक्षण नाही. १८५९ मध्ये लष्करी भरतीत ते तोफखान्यात गेले आणि लुडविग्सबुर्गच्या शस्त्रागारात बंदूकसाज म्हणून राबले. पहिला प्रयोग त्यांनी तोफेवरच केला, मागून भरता येणारी छोटी तोफ बनवून. मग लक्ष गेले रायफलीकडे.

त्या काळात प्रशियाची ड्रायसे नीडल गन गाजत होती. मागून भरायची, बोल्टने बंद करायची. पण तिचे काडतूस कागदी होते, बोल्टच्या फटीतून वायू गळायचा आणि आतली सुई दर वेळी वेगळ्या हालचालीने ताणून ठेवावी लागायची. पॉल यांनी असा बोल्ट आखला, की मूठ फिरवतानाच आतली स्प्रिंग ताणली जाईल. पुढे धातूचे काडतूस आले. बार उडाला की पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि वायूची वाट बंद होते. पण ते चिकटलेले कवच ओढून काढायलाही काहीतरी हवे, म्हणून बोल्टवर एक्स्ट्रॅक्टर आला.

व्युर्टेम्बर्गने ही रचना घेतली नाही. प्रशियाकडे स्वतःची नीडल गन होती, तिलाही गरज वाटली नाही. व्हिएन्नामार्गे ती पोहोचली सॅम्युएल नॉरिस या अमेरिकी माणसाकडे, जो युरोपात रेमिंग्टनचा प्रतिनिधी होता. १८६७ मध्ये नॉरिसने भावांशी करार केला आणि दोघांना बेल्जियमच्या लीज शहरात नेले. १८६८ चे अमेरिकी पेटंट माउझर बंधू आणि नॉरिस यांच्या नावावर आहे. रेमिंग्टनने मात्र रस दाखवला नाही, नॉरिसचे पैसे थांबले आणि १८६९ च्या अखेरीस पॉल गावी परतले. पाठोपाठ विल्हेल्मही.

रायफल घेतली, काम दिले नाही

१८७०-७१ च्या युद्धात जर्मन सैन्य जिंकले, पण फ्रेंचांची शासपो रायफल ड्रायसेपेक्षा कितीतरी लांब मारा करते हे सगळ्यांनी पाहिले होते. विजयी सैन्याला नवी रायफल हवी होती. श्पांडाऊच्या नेमबाजी शाळेत चाचण्या झाल्या आणि १८७१ च्या अखेरीस माउझरची रचना निवडली गेली. ती मॉडेल ७१ : ११ मिलिमीटर, काळी दारू, एका वेळी एकच काडतूस.

पण रायफली बनवायच्या सरकारी कारखान्यांत. शोध लावणाऱ्या भावांच्या वाट्याला सुरुवातीला आले ते रायफलीवर बसवायच्या दर्शकांचे, म्हणजे नेम धरण्याच्या पट्ट्यांचे काम. त्यासाठी १८७२ मध्ये त्यांनी गावात छोटा कारखाना काढला. पुढे व्युर्टेम्बर्गने एक लाख रायफलींची ऑर्डर दिली. तेव्हा स्टुटगार्टच्या बँकेला भागीदार करून १८७४ मध्ये भावांनी तोच राजाचा कारखाना विकत घेतला, जिथे वडिलांनी मजुरी केली होती. त्याच वर्षी कारखान्याला आग लागली, आणि तो पुन्हा उभारावा लागला.

घरची ऑर्डर संपल्यावर बाहेर गिऱ्हाईक शोधणे आले. इथे विल्हेल्म कामाला आले. ते प्रवास करायचे, दरबारात, मंत्रालयात बसायचे, करार करायचे. सर्बियाने १०.१५ मिलिमीटरची रायफल मागितली. गोळी बारीक झाली की तिचा मार्ग जास्त सपाट राहतो आणि सैनिकाला जास्त काडतुसे बाळगता येतात. हा धडा पॉल यांना सर्बियाच्या लष्करी तज्ज्ञांबरोबर काम करताना मिळाला. या प्रवासांनी विल्हेल्म यांची तब्येत खचली आणि १३ जानेवारी १८८२ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, ते गेले. दोघांतला बोलणारा भाऊ गेला होता. उरले ते कारखान्यात रमणारे पॉल.

१८८७ मध्ये ऑटोमन तुर्कस्तानने पाच लाख रायफलींचा अवाढव्य करार केला. कॅलिबर ९.५ मिलिमीटर. त्यात एक हुशार कलम होते : करार चालू असताना माउझरने अधिक चांगली रायफल काढली, तर उरलेला माल त्या नव्या प्रकारचा द्यायचा. तुर्कांनी हे कलम पुढे खरोखर वापरले. मोठा हिस्सा घेऊन झाल्यावर उरलेल्या रायफली त्यांनी ७.६५ मध्ये मागितल्या. आज मोबाइल घेताना पुढच्या मॉडेलची हमी लिहून घेण्यासारखाच हा प्रकार.

१८८८ : घरच्यांनीच डावलले

दरम्यान फ्रान्समध्ये पॉल व्हिएल या रसायनशास्त्रज्ञाने धूर न होणारी दारू तयार केली आणि १८८६ मध्ये फ्रेंच सैन्याने ८ मिलिमीटरची लेबेल रायफल घेतली. एका रात्रीत बाकी सगळ्यांची शस्त्रे जुनी झाली. नवी दारू गोळीला इतका वेग द्यायची, की ११ मिलिमीटरचे जाड शिसे फेकण्याची गरजच उरली नाही.

बर्लिनमध्ये घबराट उडाली. लष्कराच्या रायफल चाचणी आयोगाने स्वतःच रायफल बनवायला घेतली. बोल्टमध्ये माउझरची छाप होती, मॅगझिन ऑस्ट्रियाच्या मानलिखरच्या धर्तीचे. जर्मनीची रायफल ज्यांच्या नावाने ओळखली जात होती, त्या पॉल माउझर यांना मात्र या कामात घेतले गेले नाही. हीच १८८८ ची कमिशन रायफल.

फटका दुहेरी होता. १८८७ च्या डिसेंबरात बँकेचे आणि पॉल यांचे स्वतःचे शेअर बर्लिनच्या लुडविग लोवे कंपनीकडे गेले होते. म्हणजे नाव माउझर, मालक लोवे आणि पॉल तांत्रिक प्रमुख म्हणून त्याच इमारतीत. पन्नाशीला टेकलेल्या माणसाने इथे थांबायला हरकत नव्हती. त्यांनी नेमके उलटे केले.

आयोगाच्या रायफलीत एक गोष्ट चांगली होती, तिचे काडतूस. जुन्या काडतुसांच्या बुडाला बाहेर आलेली कड असायची. मॅगझिनमध्ये एकावर एक ठेवताना या कडा एकमेकींत अडकायच्या. आयोगाच्या काडतुसाला कडेऐवजी बुडाजवळ खाच होती आणि बुडाचा व्यास सुमारे १२ मिलिमीटर. पॉल यांनी राग काडतुसावर काढला नाही. तेच बूड घेऊन त्यावर त्यांनी स्वतःची काडतुसे आणि स्वतःची रायफल उभी केली. त्यांच्या कारकीर्दीतला हा सर्वांत शहाणा निर्णय म्हणायला हवा. नव्या बोल्टमागे पुढे ज्या ज्या नळ्या लागणार होत्या, त्या सगळ्यांना हे एकच बूड पुरणार होते.

देश बदलला की कॅलिबर बदलले

१८८९ मध्ये बेल्जियमने माउझरची ७.६५ मिलिमीटरची रायफल घेतली. ती देशातच बनवण्यासाठी लीजजवळ एर्स्ताल इथे एफएन ही कंपनी स्थापन झाली. शस्त्रांच्या बाजारातले हे आजचे बडे नाव माउझरच्या रायफलीसाठी जन्मले. याच ७.६५ मध्ये अर्जेंटिना आला, तुर्कस्तान आला.

१८९३ मध्ये स्पेनने ७ मिलिमीटर निवडले. या रायफलीत पाच काडतुसे मॅगझिनमध्ये नागमोडी, दोन ओळींत बसत. त्यामुळे मॅगझिन लाकडाच्या बाहेर लोंबत नसे. पाचही काडतुसे एका पत्र्याच्या पट्टीतून अंगठ्याने एकदम आत ढकलता येत. ब्राझील आणि चिली ७ मिलिमीटरच्या मागे आले. स्वीडनने ६.५ घेतले.

बाहेरून पाहिले तर या वेगवेगळ्या देशांच्या वेगवेगळ्या रायफली. आतून पाहिले तर एका मापाच्या आसपास फिरणारा बोल्ट आणि त्याच्यापुढे बदलत जाणारी नळी. प्रत्येक सेनापतीला आपले कॅलिबर वेगळे हवे असायचे; शेजारी देशाच्या हाती आपली काडतुसे लागली तरी उपयोग होऊ नये, हा त्यामागचा एक विचार. माउझरसाठी मात्र ही वेगळी वेगळी यंत्रे नव्हती. नळी, चेंबर, दर्शक आणि काही किरकोळ मापे बदलायची, बाकी कारखाना तसाच चालू.

या रायफलींचा परिणाम काय होता, हे दोन युद्धांनी दाखवले. १ जुलै १८९८ रोजी क्युबातल्या सान हुआन टेकड्यांवर मोजक्या स्पॅनिश सैनिकांनी ७ मिलिमीटर माउझरच्या जोरावर अमेरिकी फौजेची मोठी हानी केली. अमेरिकनांच्या क्राग रायफलीत काडतुसे बाजूच्या झडपेतून सुटी सुटी भरावी लागत. पुढे अमेरिकेने १९०३ ची स्प्रिंगफिल्ड रायफल काढली, ती माउझरच्या इतकी जवळ होती की सरकारला पेटंटपोटी माउझर कंपनीला दोन लाख डॉलर मोजावे लागले.

दुसरे युद्ध दक्षिण आफ्रिकेत. बोअर शेतकऱ्यांच्या हाती ७ मिलिमीटर माउझर, तर ब्रिटिशांच्या हाती .३०३. १८९९ च्या डिसेंबरात कोलेन्झो आणि १९०० च्या जानेवारीत स्पिऑन कॉप इथे ब्रिटिशांचे हाल झाले. तिथून जखमींना डोलीतून वाहून नेणाऱ्यांत मोहनदास गांधी आणि त्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या भारतीय शुश्रूषा पथकाचे सुमारे ११०० लोक होते. माउझरच्या गोळीने काय होते, हे त्यांच्याइतके जवळून त्या वेळी फार थोड्या भारतीयांनी पाहिले असेल.

मॉडेल ९८ मध्ये असे काय होते?

५ एप्रिल १८९८ रोजी जर्मनीने माउझरची रायफल पुन्हा स्वीकारली. दहा वर्षांपूर्वी ज्या लष्कराने डावलले होते, त्याच लष्कराने. कॅलिबर मात्र आयोगाचेच राहिले, ७.९२ मिलिमीटर.

पुढच्या दोन लगांखेरीज बोल्टच्या मागच्या बाजूला तिसरा लग आला. पुढचे दोन तुटलेच तर बोल्ट नेमबाजाच्या डोळ्यात जाऊ नये, हे त्याचे काम. बोल्टला वायू बाहेर सोडणारी भोके होती आणि मागे वायू अडवणारी रुंद किनार. लांब एक्स्ट्रॅक्टर बोल्टबरोबर फिरत नसे. मॅगझिनमधून सुटताच काडतुसाचे बूड त्याच्या नखीत यायचे आणि कवच बाहेर फेकले जाईपर्यंत सुटायचे नाही. नळी ज्यात बसते ती रिसिव्हरची पुढची कडी आधीच्या मॉडेलपेक्षा जाड केली होती. इंजिनीअरिंगच्या भाषेत याला सेफ्टी फॅक्टर म्हणता येईल. त्या वेळच्या काडतुसाला लागेल त्यापेक्षा जास्त ताकद रचनेत शिल्लक ठेवलेली. पुढच्या शंभर वर्षांत लोकांनी या रिसिव्हरवर निरनिराळ्या नळ्या चढवल्या, त्या या शिल्लक ताकदीच्या भरवशावर.

पॉल तेव्हा साठीचे होते. त्याच वर्षी ते जर्मन संसदेत, राइखस्टागमध्ये निवडून गेले आणि १९०३ पर्यंत सदस्य होते. पण भाषणांसाठी त्यांचे नाव कोणी घेत नाही. रायफल बोल्टशिवाय, आपोआप भरली जावी या नव्या ध्यासाने त्यांना झपाटले होते. १९०१ मध्ये अशाच एका प्रायोगिक रायफलीच्या चाचणीत अपघात झाला आणि त्यांचा एक डोळा गेला. आयुष्यभर दुसऱ्याच्या डोळ्यासाठी झडपा आणि किनारी आखणाऱ्या माणसाचा. त्यांनी चाचण्या थांबवल्या नाहीत. ती आपोआप भरणारी रायफल मात्र हव्या त्या रूपात हाती आली नाही.

मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाचा घोळ

कॅलिबर बदलण्यातला धोका किती बारीक असतो, याचे उदाहरण याच काळात घडले. कमिशन काडतुसाची जुनी गोळी सुमारे ८.१ मिलिमीटर व्यासाची, बोथट आणि १४.७ ग्रॅमची होती. १९०३ ते १९०५ च्या सुमारास जर्मनीने टोकदार, १० ग्रॅमची नवी गोळी आणली. तिचा व्यास ८.२ मिलिमीटर. कवच दिसायला तेच, बोलीभाषेतले नावही तेच, आठ मिलिमीटर. फरक एका दशांशाचा. पण जुन्या नळीत नवी गोळी घातली तर दाब धोक्याच्या पातळीवर जातो. लष्कराला जुन्या रायफलींच्या नळ्या आणि चेंबर नव्या गोळीसाठी बदलून घ्याव्या लागल्या आणि त्यांवर एस हे अक्षर ठोकावे लागले. जुन्या ८ मिलिमीटर रायफली जमवणारे छांदिष्ट आजही काडतूस भरण्याआधी ते अक्षर शोधतात.

भारताशी संबंध काय?

सर्वांत थेट संबंध जिम कॉर्बेट यांच्या रायफलीचा. १९०७ मध्ये त्यांनी कुमाऊंमधल्या चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. त्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी त्यांना लंडनच्या रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट दिली. .२७५ हे इंग्रजी मापातले नाव. प्रत्यक्षात ते माउझरचे ७ मिलिमीटर. रिग्बीकडे बोल्ट आणि रिसिव्हर ओबर्नडॉर्फहून यायचे. नळी, दस्ता आणि सफाई लंडनची. स्पेन आणि बोअरांनी वापरलेलेच काडतूस, फक्त इंग्रजी वेषात. १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्याही कॉर्बेट यांनी .२७५ रिग्बीनेच मारला.

या जॉन रिग्बींचा किस्साही पाहण्यासारखा आहे. १८८७ ते १८९४ ते एनफिल्डच्या सरकारी कारखान्याचे प्रमुख होते, म्हणजे .३०३ च्या जन्माच्या वेळी ते तिथेच. नंतर धंद्यात मात्र त्यांनी माउझर निवडली. हत्ती आणि गव्यांसाठी त्यांच्या कंपनीने १९११ मध्ये .४१६ काडतूस काढले. त्याचे बूड जवळपास १५ मिलिमीटरचे. तिथे नुसती नळी बदलून भागणारे नव्हते. मॅग्नम आकाराचा, लांब रिसिव्हर आणि मोठ्या तोंडाचा बोल्ट लागत असे, आणि तोही माउझरच पुरवायचे.

पोलिसांच्या खांद्यावर महाराष्ट्राने वर्षानुवर्षे पाहिलेली .३०३ ही माउझर नव्हे. तिचा बोल्ट जेम्स पॅरिस ली यांचा, काडतूस जुन्या पद्धतीचे, बुडाला कड असलेले आणि १३.७ मिलिमीटरचे. १९६२ च्या युद्धानंतरच्या काळात पश्चिम बंगालमधल्या ईशापूर कारखान्याने ली-एनफिल्ड ७.६२ मिलिमीटर काडतुसासाठी बनवली. तेव्हा नळीबरोबर एक्स्ट्रॅक्टर आणि मॅगझिन बदलावे लागले आणि पोलादही अधिक मजबूत घ्यावे लागले, कारण ७.६२ चे बूड माउझर घराण्यातले, १२ मिलिमीटरचे, आणि दाब जास्त.

नागरिकांसाठी सरकारी कारखान्यात बनणारी .३१५ रायफल ही कॅलिबर बदलाची आणखी एक तऱ्हा. लष्करी काडतुसे खासगी हातात चालू नयेत म्हणून ब्रिटिश काळापासून ली पद्धतीच्या रायफलीला वेगळी, ऑस्ट्रियन मानलिखरच्या ८ मिलिमीटर काडतुसाची नळी बसवली गेली. इथे कॅलिबर ठरवले ते कायद्याने. आजही परवान्यावर शस्त्राचा प्रकार नोंदलेला असतो आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवानगीशिवाय शस्त्राचे रूपांतर करणे गुन्हा आहे. त्यामुळे युरोपात एका किल्लीने होणारा नळीबदल इथल्या परवानाधारकाला परस्पर करता येत नाही.

आणि ते पिस्तूल? सी९६ हे माउझरच्या कारखान्यातल्या फीडर्ले बंधूंचे काम. पेटंट माउझरच्या नावावर गेले. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कोलकात्यात रोडा कंपनीच्या मालातून क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुले आणि सुमारे ४६ हजार काडतुसे पळवली. पुढच्या वर्षी बालासोरला बाघा जतीन यांच्या साथीदारांच्या हाती हीच पिस्तुले होती. कोलकात्यातल्या त्या घटनेच्या वेळी पॉल यांना जाऊन तीन महिनेही झाले नव्हते.

मृत्यूनंतर बदललेल्या नळ्या

ते ओबर्नडॉर्फमध्येच वारले, ७६ वा वाढदिवस महिन्यावर असताना. त्यानंतर बरोबर ३० दिवसांनी सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या झाली. मारेकऱ्याचे पिस्तूल एफएन कंपनीचे होते, त्याच कंपनीचे जी माउझरची रायफल बनवायला निघाली होती. सुरू झालेल्या महायुद्धात जर्मन, तुर्क, बेल्जियन, सर्ब अशा दोन्ही बाजूंच्या खंदकांत माउझर बोल्ट मागे-पुढे होत राहिले. एका गावातल्या कारागिराची रचना एकमेकांवर रोखलेली होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्या रिसिव्हरला पुन्हा नव्या नळ्या मिळाल्या. जर्मन सैन्य नॉर्वेत शरण आले, तेव्हा मागे राहिलेल्या माउझर रायफलींना नॉर्वेने अमेरिकी .३०-०६ च्या नळ्या बसवल्या. इस्रायलने नाझी काळात बनलेल्या माउझर रायफली चेकोस्लोव्हाकियासह मिळेल तिथून घेतल्या आणि पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांना ७.६२ नाटोच्या नळ्या चढवल्या. काही रायफलींवर हिटलरच्या काळातले शिक्के आणि इस्रायली खुणा शेजारी शेजारी दिसतात. स्पेननेही आपल्या जुन्या माउझर ७.६२ वर नेल्या. तिन्ही ठिकाणी बोल्टचे तोंड बदलावे लागले नाही. बूड १२ मिलिमीटरचेच होते.

१९४९ मध्ये माउझरमधल्या तीन माजी अभियंत्यांनी ओबर्नडॉर्फमध्येच हेकलर अँड कॉख ही कंपनी काढली. तिची एमपी५ भारतात एनएसजीच्या कमांडोंच्या हातात दिसते. माउझर नावाच्या शिकारी रायफली आता तिथे नव्हे, तर दक्षिण जर्मनीतल्या इस्नी गावात बनतात. एम०३ तिथलीच. तिच्या सुट्या नळ्यांबरोबर बोल्टची तोंडेही सुटी मिळतात, कारण मॅग्नम काडतुसांचे बूड मोठे असते. ओबर्नडॉर्फमध्ये श्वेडनबाऊ, म्हणजे स्वीडिश इमारत, उभी आहे. स्वीडनच्या ६.५ मिलिमीटर रायफलींच्या ऑर्डरच्या काळात बांधलेली. तिच्यात आता शस्त्रांचे संग्रहालय आहे.